उपाध्ये, आदिनाथ नेमिनाथ

(६ फेब्रुवारी १९०६ – ८ ऑक्टोबर १९७५). प्राकृत, अपभ्रंश व जैन साहित्याचे थोर संशोधक आणि संपादक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील सदलगे येथे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी तीन दशके अध्यापन केले. पुढे म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या व प्राकृत विषयाचे प्राध्यापक झाले.

कुंदकुंदाचार्यांचा प्रवचनसार (१९३५), जोइंदूंचा परमात्मप्रकाश (१९३७), हरिषेणांचा बृहत्कथाकोश (१९४३) ही त्यांची संपादने विस्तृत प्रस्तावनांसाठीही वाचावीत. कर्त्याचा काळ, भाषा, छंद, आधीच्या ग्रंथांचे ऋण या साऱ्यांचा ते शांतपणे शोध घेतात आणि पुराव्यापलीकडे पाऊल टाकत नाहीत.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम कुवलयमाला हे होय. उद्द्योतनसूरींनी ही प्राकृत चंपूकथा इ. स. ७७९ मध्ये जाबालिपूर (आजचे जालोर) येथे पूर्ण केली. उपाध्यांपुढे मुख्यतः दोनच हस्तलिखिते होती: पुण्यातील कागदी पोथी आणि जैसलमेरची ताडपत्री. दोघींचे पाठ पुष्कळदा जुळत नाहीत. त्यांनी शब्द न् शब्द पडताळून संहिता सिद्ध केली (१९५९) व १९७० मध्ये अभ्यासपूर्ण दुसरा भाग दिला. या कथेतील बाजारात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात. त्यांत सावळा, ठेंगणा, काटक, अभिमानी व भांडखोर मरहट्टाही आहे. त्याच्या तोंडचे शब्द मराठीच्या प्राचीनतेचा फार जुना पुरावा असल्याने मराठी भाषेच्या अभ्यासकाला या आवृत्तीवाचून गत्यंतर नाही.

हीरालाल जैन यांच्यासमवेत त्यांनी मूर्तिदेवी ग्रंथमालेचेही संपादन केले. १९६६ मध्ये अलीगढ येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते.