टावी : जांघेतील मार्ग बंद असल्यास
हृदयातील महाधमनीची झडप आकुंचित झाल्यास छाती न उघडता कॅथेटरद्वारे नवी झडप बसविण्याच्या उपचारास ‘टावी’ म्हणतात. झडप सहसा जांघेतील धमनीतून हृदयापर्यंत नेली जाते. ही धमनी अरुंद, वेडीवाकडी किंवा कॅल्शियम साचून कठीण झालेली असल्यास खांद्याजवळील अथवा मानेतील धमनी, किंवा बरगड्यांमधून हृदयाचे टोक, असे पर्याय असतात. योग्य मार्ग सीटी स्कॅन पाहून ठरतो. मानेचा मार्ग निवडताना मेंदूचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये ५७ वर्षांच्या रुग्णावर केलेली जगातील पहिली टावीही पर्यायी मार्गानेच झाली : पायाकडील धमनीमार्ग बंद असल्याने त्यांनी जांघेतील शिरेतून जाऊन, हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडदा छेदून झडप बसविली. जांघेतील धमनी निरुपयोगी ठरली, तरी उपचाराची आशा संपत नाही.