पाड्यावरची यादी आणि वीटभट्टीवरचं मूल

सॉफ्टवेअरचा इतिहास म्हटला की आपली गाडी थेट पुणे-बंगळुरूला जाते. आज मात्र मी तुम्हाला जव्हार-मोखाड्याला नेणार आहे.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि हा भाग राज्यभर माहीत झाला. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. अंगणवाडी योजना त्याआधीची, २ ऑक्टोबर १९७५ची. तिचा कणा म्हणजे सेविकाताईंची रजिस्टरं. तब्बल अकरा! वजन, लसीकरण, आहार, सगळं हाताने लिहायचं.

मार्च २०१८मध्ये पोषण अभियान सुरू झालं. त्यातलं ‘कॅस’ हे मोबाइल ॲप अकरापैकी दहा रजिस्टरांची जागा घेणार होतं. त्यातली मला आवडलेली गोष्ट सांगतो. रेंज नसली तरी नोंद व्हायची, आणि रेंज आली की माहिती वर जायची. मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांत याचं मोल वेगळं सांगायला नको. पण २०२०मध्ये कॅस बंद झालं आणि १ मार्च २०२१ला ‘पोषण ट्रॅकर’ आला. काम तेच, ॲप नवं, शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

ताईंच्या हातात सरकारने दिलेले २ जीबी रॅमचे फोन होते. ॲप इंग्रजीत. फोन तापायचे, अडकायचे. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले, आणि मराठीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ‘बायकांना तंत्रज्ञान जमत नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, की परक्या भाषेतलं ॲप तुम्ही तरी किती दिवस वापरलं असतं? पुढे ॲपमध्ये मराठी आली.

पण खरी गोची भाषेपेक्षा खोल होती. या सगळ्या याद्यांच्या मुळाशी एक गृहीतक होतं: मूल एका अंगणवाडीचं असतं. इथे तसं नसतं ना! भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे रिकामे होतात. वारली, कातकरी, कोकणा कुटुंबं उचल घेऊन भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परततात पावसाच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत मूल गावच्या यादीत असतं, अंगाने भट्टीवर असतं. घरपोच आहार एकीकडे, पोट दुसरीकडे. जून उजाडला की वजन घटलेलं.

म्हणून महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतराचा माग ठेवणारी वेगळी प्रणाली उभी केली. आधी पालघरसह मोजक्या जिल्ह्यांत प्रयोग झाला, मग २०२२मध्ये विस्तार. कुटुंब निघताना नोंद करायची, आणि जिथे पोचेल तिथल्या अंगणवाडीने त्यांना आपलं मानायचं. पोषण ट्रॅकरमध्येही लाभार्थी एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवायची सोय आली. माझ्या मते या प्रवासातला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल. नाव गावाला चिकटलेलं होतं, ते मुलाबरोबर चालायला लागलं.

अडचण मात्र अजून एक आहे बरं का. निघताना सांगायचं असतं, कुठे जाताय आणि कधी येणार. ते पुष्कळदा घरच्यांच्या हातात नसतंच. भट्टी ठरवतो मुकादम. परतायचा दिवस ठरतो उचल फिटली की.