बग, गिरणीमालक आणि माझा अर्ज

हा भाग कासाहून, घरच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलाय. मध्येच ट्रकचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

महिनाभर लॅपटॉपवर एक फॉर्म उघडा आहे. एम.ए., तत्त्वज्ञान. नाव, जन्मतारीख, बी.टेक.चे मार्क, सगळं भरलं. अडलोय एकाच चौकटीत: आधीच्या शिक्षणाचा या विषयाशी संबंध काय? पाच वर्षं मी पेमेंट अ‍ॅपचे बग सोडवतोय, संबंध काय सांगू? आई म्हणते, "पगार सोडून हे कसलं रे शिक्षण?" तिलाही उत्तर देता येईना, म्हणून इतिहासात शिरलो. बग सुटत नसला की आधी तो कोणाला आला होता ते शोधायचं, ही आमची सवय.

पहिला सापडला लुडविग विट्गेनश्टाइन. व्हिएन्नाचा. बर्लिनला इंजिनीअरिंग शिकला आणि १९०८ला विमानविद्येवर संशोधन करायला मँचेस्टरला गेला. विमानाचा पंखा करताना गणित लागलं, आणि गणितात शिरल्यावर प्रश्न पडला की हे गणित मुळात उभं कशावर आहे? १९११च्या ऑक्टोबरात तो केंब्रिजला बर्ट्रांड रसेलच्या खोलीवर जाऊन थडकला. तत्त्वज्ञानाची डिग्री वगैरे काही नाही. टर्म संपताना त्याने रसेललाच विचारलं, मी अगदीच मूर्ख आहे का? असेन तर विमानांकडे परत जातो. रसेल म्हणाला, सुट्टीत काहीतरी लिहून आण. त्याने आणलं. पहिलं वाक्य वाचूनच आपलं मत ठरलं, असं रसेलने पुढे सांगितलंय. आज विद्यापीठं रायटिंग सॅम्पल मागतात ना, ते दुसरं काय आहे? अर्थात, त्याच्या बापाचा पोलादाचा मोठा धंदा होता. ईएमआय नव्हता.

पैशाचा विषय निघाला की मला अमळनेर जास्त जवळचं वाटतं. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात १९१६ला प्रताप शेठ नावाच्या गिरणीमालकाने तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापडाच्या पैशातून! वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान समोरासमोर ठेवून अभ्यास करायचा, आणि करणाऱ्याला शिष्यवृत्ती. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य पुढे तिथे संचालक होते. अशी माणसं खानदेशातल्या एका गिरणीच्या गावात येऊन मायेवर वाद घालत होती, हे मला शाळेत कोणीच सांगितलं नाही.

तिथे शिकायला आलेल्यांत एक होते साने गुरुजी. मराठी-संस्कृत घेऊन बी.ए. झालेले. तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि १९२४ला त्याच गावातल्या शाळेत मास्तर झाले. म्हणजे हे शिकून प्राध्यापकच व्हायला पाहिजे असं काही नाही. मोठ्या उत्साहाने हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "गुरुजी पोरांना शिकवायला गेले. तू कुठे जाणार?" चूक नाही तिची.

आणि आपल्या जिल्ह्यात? पालघरचं कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते सोनोपंत दांडेकर, इथल्याच माहीमचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. पुण्यात एस.पी. कॉलेजचे प्राचार्य. वर्गात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि वारकरी म्हणून कीर्तनाला उभे राहायचे. त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ची, आजही घरोघरी सापडते. मी त्या कॉलेजवरून कितीदा गेलो असेन, पाटीवरचं नाव कोणाचं ते कधी विचारलं नाही.

काल रात्री चौकटीत एवढं लिहिलं: आमचा प्रोग्राम एखाद्याचं पेमेंट नाकारतो, तेव्हा तो निर्णय नक्की कोणाचा? कोड लिहिणाऱ्या माझा, बँकेचा, की कोणाचाच नाही? अडलेला माणूस दुकानात उभा असतो आणि आम्ही त्याला फक्त एक एरर कोड दाखवतो. हाच संबंध आहे माझा. यावरच दहा पानांचा निबंध लिहून जोडायचाय. मुदत रविवारची. पहिलं वाक्य अजून जमत नाहीये.