अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील अ‍ॅक्रिंग्टन या गावाचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. गाव कापूस गिरण्यांचे आणि टणक लाल विटांचे. वस्ती जेमतेम 35 हजार. एका अंगाला ब्लॅकबर्न, दुसऱ्या अंगाला बर्न्ली, आणि दोन्हीकडे वजनदार क्लब. गावातला प्रेक्षक शनिवारी बस पकडून तिकडे जाणार, ही अडचण पहिल्यापासूनची.

1888 मध्ये 12 क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. त्यांत अ‍ॅक्रिंग्टन नावाचा क्लब होता, पण तो हा नव्हे. 1893 मध्ये दुसऱ्या विभागात उतरण्याची वेळ आली तेव्हा त्याने लीगच सोडली आणि पुढे काही वर्षांत गाशा गुंडाळला. संस्थापक 12 जणांपैकी आज नामशेष झालेला तो एकटाच. दरम्यान 1891 मध्ये स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या पोरांनी ‘स्टॅन्ली व्हिला’ काढला होता. थोरल्या क्लबाची जागा रिकामी झाल्यावर त्याने गावाचे नाव घेतले.

1921 मध्ये नवा ‘तिसरा विभाग (उत्तर)’ निघाला आणि स्टॅन्लीला लीगमध्ये प्रवेश मिळाला. पील पार्क हे घरचे मैदान. 1950 च्या दशकात मॅनेजर वॉल्टर गॅलब्रेथ यांनी स्कॉटलंडहून इतके खेळाडू आणले, की 1955 मध्ये अकराच्या अकरा स्कॉटिश असलेला संघ मैदानात उतरला. 1955 आणि 1958 मध्ये स्टॅन्ली दुसरा आला. बढती फक्त पहिल्याला मिळत असे.

मग पैशाने दगा दिला. ऑल्डरशॉटच्या लष्करी कवायतींसाठी वापरलेला एक स्टँड संचालकांनी विकत घेतला. किंमत किरकोळ होती, पण तो उतरवून, वाहून आणून पील पार्कवर उभा करायचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. 1962 उजाडेपर्यंत कर्ज 60 हजार पौंडांपलीकडे गेले. सल्ल्याला बर्न्ली क्लबाचे चेअरमन बॉब लॉर्ड आले. धंद्याने खाटीक, बोलायला रोखठोक. त्यांच्या मते आता काही उरले नव्हते. मार्चच्या सुरुवातीला क्रू या क्लबाकडून 4-0 ने हार झाली आणि लगोलग राजीनाम्याचे पत्र लीगकडे रवाना झाले. मदतीची आशा दिसताच संचालकांनी ते मागे घेणारे दुसरे पत्र धाडले, पण लीगचे सचिव अ‍ॅलन हार्डेकर बधले नाहीत. हंगामातले 33 सामने नोंदींतून पुसले गेले. हार्डेकर नियमाला धरून होते हे खरे, पण थोडी सवड दिली असती तर लीगचे काय बिघडले असते, हा प्रश्न उरतोच. चार वर्षांनी, 1966 मध्ये, क्लबच बंद पडला.

1968 मध्ये गावकऱ्यांनी तो नव्याने उभा केला. मैदान आता क्राउन ग्राउंड, आणि पहिला सामना 1970 मध्ये लँकेशायर कॉम्बिनेशन या स्थानिक स्पर्धेत. गंमत अशी, की लीगमध्ये असताना मिळाली नव्हती एवढी प्रसिद्धी लीगबाहेर मिळाली, तीही थट्टेने. 1989 च्या दुधाच्या एका जाहिरातीत लिव्हरपूलवेडी दोन पोरे दाखवली होती. दूध प्यायले नाहीस तर फार तर अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीकडून खेळशील, असे आपल्याला लिव्हरपूलच्या इयान रशने बजावल्याचे एक सांगतो. ‘ते कोण?’ असे दुसरा विचारतो, आणि त्या प्रश्नातच सगळा विनोद होता. देशभर हे नाव सर्वांच्या तोंडी झाले.

1999 मध्ये जॉन कोलमन मॅनेजर झाले. तेव्हा क्लब नॉर्दर्न प्रीमियर लीगच्याही खालच्या विभागात होता. सात वर्षांत तीन अजिंक्यपदे घेत कोलमननी तो 2006 मध्ये लीगमध्ये परत आणला. त्याच मोसमात लीगमधून बाहेर पडला ऑक्सफर्ड युनायटेड. 1962 मध्ये स्टॅन्लीच्या रिकाम्या जागी निवडला गेलेला क्लब हाच.

2015 मध्ये प्लॅस्टिक उद्योजक अँडी होल्ट यांनी क्लब हाती घेतला. 2018 मध्ये स्टॅन्लीने लीग टू जिंकून प्रथमच लीग वनमध्ये पाऊल ठेवले आणि मोठमोठ्या मैदानांच्या क्लबांसमोर पाच हंगाम काढले. 2023 मध्ये संघ पुन्हा लीग टूमध्ये उतरला. मध्यंतरी क्लब सोडून परत आलेल्या कोलमन यांची मॅनेजर म्हणून दुसरी कारकीर्द 2024 मध्ये संपली. भागातल्या शाळांतील तिसरीच्या मुलांना क्लबतर्फे जर्सी फुकट मिळते. ब्लॅकबर्न-बर्न्लीची बस पकडायचे वय होण्याआधीच गिऱ्हाईक बांधून घेण्याचा हा उपाय.