मिळकतीचा गुणक आणि सरकारचा शब्द

२००५ सालच्या पावसाळ्यात मी हैदराबादला नेमणुकीवर असताना एक परिचित गृहस्थ कागदपत्रांचा गठ्ठा घेऊन माझ्या घरी आले. मूळचे सोलापूरकडचे, एका खाजगी कंपनीत अभियंता. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेली. वर्षभराच्या पगारपत्रकांच्या आणि बँकेच्या उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती मजकडून साक्षांकित करून घ्यायच्या होत्या. (स्वयंसाक्षांकनाची सोय तोवर रुळली नव्हती, राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का ही तेव्हा मोठीच वस्तू होती.) ब्रिटनच्या उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेत त्यांना अर्ज करायचा होता. शिक्के मारून झाल्यावर त्यांनी विचारले, "साहेब, तिकडे गेल्यावर नियम बदलले तर?" मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "आत घेतलेल्या माणसाला सरकार जुन्याच नियमाने वागवते. कुठलेही सरकार." या उत्तराचा पुढे मला बराच विचार करावा लागला.

स्थायी वास्तव्य देताना माणसाला गुणांनी मोजण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्ये सुरू केली. शिक्षण, वय, भाषा, व्यवसायाची मागणी अशा निकषांवर शंभरपैकी पन्नास गुण मिळवायचे. अर्जदार कोणत्या देशाचा हे पाहायचे नाही, त्याच्यापाशी काय आहे ते पाहायचे, ही त्यामागची भूमिका. ब्रिटनने २८ जानेवारी २००२ रोजी आपली योजना सुरू केली, तेव्हा तीत आणखी एक ठळक निकष घातला: अर्जदाराची आजवरची मिळकत. हाती नोकरी असण्याची अट नव्हती. आपल्या देशात बाजाराने तुमची जी किंमत केली, तीच तुमच्या गुणवत्तेची खूण, असा हा हिशेब होता.

पण हैदराबादचा पगार आणि न्यूयॉर्कचा पगार एका मापाने कसे मोजायचे? त्यासाठी जगातील देशांचे उत्पन्नपातळीनुसार पाच गट केले गेले. पुढे याचे गुणक जाहीर झाले: १, २.३, ३.२, ५.३ आणि ११.४. भारतातील मिळकतीला ५.३ ने गुणायचे, अमेरिकेतील मिळकतीला एकने. यात पाहायचे ते काम कुठे केले हे. पारपत्र कोणाचे, हा प्रश्न नव्हता. म्हणजे पुण्याचा एखादा संगणक अभियंता दोन वर्षे न्यू जर्सीत राहून आला असेल, तर तिथल्या डॉलरांना गुणकाचा काहीच लाभ नव्हता. शेवटच्या पंधरा महिन्यांतील सलग बारा महिन्यांची कमाई धरली जाई. घरभाडे, व्याज, लाभांश हे बाहेर. पगारपत्रकाला बँकेच्या उताऱ्याचा दुजोरा लागे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या गुणकाचे कौतुक वाटले, आणि थोडे हसूही आले. क्रयशक्तीची तुलना आम्ही वर्गात तासन् तास करीत असू. इथे एका खात्याने तिचा एका ओळीत निकाल लावला होता. पण भारत हा एक श्रमबाजार नाही. मुंबईच्या बँकेतील अधिकारी आणि परभणीच्या महाविद्यालयातील अधिव्याख्याता दोघांनाही तोच ५.३. एवढे असूनही तत्त्व न्याय्य होते असेच मी म्हणेन. परक्या देशातील श्रमाला कागदावर तरी त्याच्या घरच्या मापाने मोजण्याचा तो प्रयत्न होता.

माझे परिचित २००५ च्या अखेरीस लंडनला गेले. वर्षभरातच, नोव्हेंबर २००६ मध्ये, ब्रिटिश सरकारने नियम बदलले. कामाच्या अनुभवाचे गुण संपूर्ण वगळले. शिक्षण, मिळकत आणि वय यांवर भर देऊन ७५ गुणांची नवी पायरी बांधली. नव्या अर्जदारांपुरते हे असते तर कोणाचीच हरकत नव्हती. पण आधीच तिथे राहणाऱ्यांनाही मुदतवाढीसाठी हीच परीक्षा पुन्हा द्यावी लागणार होती. पूर्वी मुदतवाढीला एवढेच पुरे होते की, माणूस कमावता आहे किंवा कमावण्याचा रास्त प्रयत्न करीत आहे.

यातील गंमत, गंमत म्हणवत नाही खरे तर, आकड्यांतच पाहावी. समजा, बत्तिशी ओलांडलेला एक पदवीधर हैदराबादेत वर्षाला साडेसहा लाख रुपये मिळवतो. पौंड ८६ रुपयांना धरला तर ते सुमारे ७,५५८ पौंड होतात. गुणिले ५.३, म्हणजे ४०,०५८. चाळीस हजारांवर मिळकतीचे कमाल ४५ गुण, पदवीचे ३०. वयाचा एकही गुण नसता तो पंच्याहत्तरावर बरोबर पोहोचला. हाच माणूस लंडनमध्ये २३,००० पौंडांवर नोकरीला लागला, तर गुणक एक झाला. मिळकतीचे २०, पदवीचे ३०, ब्रिटनमधील अनुभवाचे ५, एकूण ५५. तो पूर्वीपेक्षा अधिक पौंड कमावीत होता, तिथे कर भरीत होता, आणि तरी अनुत्तीर्ण. उत्तीर्ण व्हायला त्याला ३५,००० पौंड हवे होते. परक्या शहरात नव्याने पाय रोवणाऱ्या किती जणांना पहिल्याच वर्षी तेवढे मिळते?

शिवाय या योजनेत येताना अर्जदाराकडून लेखी घेतले जाई की, यापुढे ब्रिटन हेच आपले मुख्य घर असेल. लोकांनी त्या शब्दावर नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, मुलांच्या शाळा बदलल्या. उलट बाजूने सरकारच्याच २००३ च्या मार्गदर्शिकेत म्हटले होते की, जे आत आले आहेत त्यांना योजनेत फेरफार झाले तरी चार वर्षांनी स्थायी वास्तव्यासाठी अर्ज करता येईल. शब्द दोन्ही बाजूंनी दिला गेला होता. एकाच बाजूला तो पाळावा लागला.

मी त्या आत्मविश्वासाने उत्तर का दिले, हे सांगायला हवे. आपल्याकडे नवी निवृत्तिवेतन योजना आली, ती १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर केंद्रीय सेवेत येणाऱ्यांना (सैन्यदले वगळून). आम्ही आधी रुजू झालेले जुन्याच योजनेत राहिलो. खजिन्यावरचा भार पाहता सर्वांनाच नव्या योजनेत ढकलण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण रेषा तारखेवर ओढली गेली. फाइलवर 'यापुढे' हा शब्द लिहायला काही पडत नाही, आणि तो न लिहिल्याने काय होते ते लंडनमधल्या लोकांना विचारावे. माझा अनुभव एवढाच होता आणि मी तो 'कुठलेही सरकार' म्हणून जगाला लावला.

ऑगस्ट २००७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने या बदलावर कठोर अहवाल दिला. सरकार बधले नाही. अखेर स्थलांतरितांच्या एका संघटनेच्या अर्जावर ८ एप्रिल २००८ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, योजनेत आधीच असलेल्यांना नवे नियम लावणे बेकायदा आहे. न्यायालयाने आधार घेतला तो रास्त अपेक्षेच्या तत्त्वाचा, जे आपल्या न्यायालयांनाही चांगले परिचित आहे. चार वर्षांची मुदत पाच करण्याचा ३ एप्रिल २००६ चा फेरफारही आधीच्या मंडळींना लागू नाही, असे पुढच्या वर्षी ठरले.

योजना तोवर नव्या नावाने चालू झाली होती आणि भारतात ती १ एप्रिल २००८ पासून इतर देशांच्या आधी लागू झाली. परदेशांतील अर्जदारांसाठी ती डिसेंबर २०१० मध्ये बंद झाली. मिळकतीचा प्रश्न मात्र मिटला नाही. स्थायी वास्तव्य मागताना दाखवलेली कमाई आणि कर खात्याला दाखवलेली कमाई जुळत नाही, या कारणाने अनेकांचे अर्ज अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवून फेटाळले गेले. काहींनी खरोखर लबाडी केली असेल. काहींची चूक हिशेबनिसाची असेल. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले की, असा ठपका ठेवण्यापूर्वी माणसाला त्याचे म्हणणे मांडू द्यावे. कारणे दाखवा नोटीस हा आपल्या कचेऱ्यांतील रोजचा प्रकार. तिथे तो न्यायालयाला शिकवावा लागला, याचे मला नवल वाटले.

माझ्या परिचितांनी निकालाची वाट पाहिली नाही. मालकाच्या वर्क परमिटवर ते राहिले आणि आजही तिथेच आहेत. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थायी वास्तव्याची सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव श्वेतपत्रिकेत मांडला, तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांचा पुतण्या तीन वर्षांपूर्वी तिकडे नोकरीला गेला आहे. त्याला कोणता नियम लागेल, असे ते विचारीत होते. या वेळी मी म्हणालो, "श्वेतपत्रिका नीट वाचा, 'यापुढे' हा शब्द कुठे आहे ते शोधा, आणि जुनी पगारपत्रके फेकू नका."