हजेरीपट आणि प्रौढ विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना आपल्यापैकी बहुतेकांनी पदवीधर मुख्याध्यापक म्हणूनच पाहिले. ते या शाळेत रुजू झाले तेव्हा मात्र केवळ मॅट्रिक होते. पुढची पदवी त्यांनी घरात तीन मुले झाल्यानंतर, दिवसभर वर्ग घेऊन, बहिःस्थ परीक्षार्थी म्हणून मिळविली. महाविद्यालयाच्या बाकावर ते एक दिवसही बसले नाहीत, आणि तरीही त्यांच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी मी असा विषय निवडला, की ज्याचा संबंध थेट त्यांच्या आयुष्याशी पोहोचतो. नोकरी आणि संसार करणाऱ्या माणसाने पदवीचे शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर आपल्या विद्यापीठांनी त्याच्याकडून काय मागितले, आणि जे मागितले ते रास्त होते काय, हा तो विषय होय.

परीक्षेच्या दाराशी वय कसे आड येते याचे एक उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या आत्मवृत्तात आहे. १८७५ च्या सुमारास ते मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कोकणातील मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्यास गेले. सुमारे शंभर मैलांहून अधिक वाट चालून ते तेथे पोहोचले. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षांचे वय आवश्यक होते. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले, तो सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले, आणि त्यास परत पाठविले. त्याला काय येते हे कोणी विचारलेच नाही. पुढे हेच कर्वे तेविसाव्या वर्षी, म्हणजे आजच्या हिशेबाने पदवी घेऊन बाहेर पडण्याच्या वयात, मॅट्रिक झाले. साताऱ्यास ते वयाने लहान दिसले म्हणून नाकारले गेले. आपल्या विषयातील माणसे वयाने मोठी म्हणून अडली. दोन्हीकडे नियमाने माणसाच्या ज्ञानाऐवजी भलतेच काही मोजले.

नियमाचा उगम

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावयाची विद्यापीठाने, अशी ती रचना होती. पदवी परीक्षेस बसणाऱ्याने मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र आणले पाहिजे, ही अट या विद्यापीठांच्या कायद्यातच घालण्यात आली. गंमत अशी, की ज्या लंडन विद्यापीठाचा कित्ता आपण गिरविला, त्याने लगेच पुढच्या वर्षी, १८५८ मध्ये, वैद्यकासारखे विषय सोडून ही अट काढून टाकली. कोठेही शिकलेला, किंवा स्वतःच्या घरी शिकलेला माणूस तेथे परीक्षेस बसू लागला. आपण मात्र मूळ कित्ताच गिरवीत राहिलो.

लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत झालेल्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ही पकड अधिक घट्ट केली. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार मॅट्रिक वगळता कोणत्याही परीक्षेस बसावयाचे तर संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला हवा. त्यास अपवाद करावयाचा तर सिंडिकेटची शिफारस आणि सिनेटचा खास ठराव हवा. आपल्या हैदराबादेतील निजाम कॉलेज त्या काळी मद्रास विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे हा कायदा निजामी मुलखातील विद्यार्थ्यांनाही लागू पडत होता.

या नियमामागे निव्वळ दुष्टबुद्धी होती असे मी म्हणणार नाही. घोकंपट्टी करून परीक्षा देणाऱ्यांची संख्या वाढत होती. शिक्षकाचा सहवास, चर्चा आणि ग्रंथालय यांचा संस्कार झाल्याखेरीज पदवी मिळू नये, हा विचार आजही मला पटतो. परंतु सहवासाचा संस्कार मोजावयाचा कसा? तो मोजता येत नाही म्हणून हजेरी मोजली गेली. ‘टर्म भरणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रुळला तो यातूनच. मराठीत दंड भरतात, सारा भरतात, आणि टर्मही भरतात. ज्याच्याजवळ दिवसाचे तास शिल्लक नव्हते, त्याला हा सारा भरणे शक्य नव्हते.

बाजूची दारे

मुख्य दार असे अडलेले असताना काही माणसांनी बाजूने दारे पाडली, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणाऱ्यास रात्री शिकवावे, इतकी साधी ही गोष्ट. पण शाळेच्या वेळेप्रमाणे माणसाने वागावे हा नियम उलटा करून माणसाच्या वेळेप्रमाणे शाळेने वागावे, हे तत्त्व तिच्यात होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले. तेथे प्रथम दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई विशी उलटलेली होती. त्याच पुढे कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले तेव्हा मातृभाषेचे माध्यम स्वीकारले. परक्या भाषेचे ओझे ज्यांच्यावर लहानपणापासून चढलेले नाही त्यांना मोठेपणी उच्च शिक्षण द्यावयाचे तर ते त्यांच्या भाषेतच द्यावे लागेल, हे त्यांनी ओळखले होते. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा, कारण मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते सकाळच्या वेळी. कचेरीत जाणाऱ्या तरुणास आधी तास आटोपून मग कामावर जाता यावे, हा हेतू होता. त्याच संस्थेने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. औरंगाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात होते, हे येथील जुन्या मंडळींना सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर सायंमहाविद्यालये निघाली, आणि १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तर १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांची सोय सायंवर्ग आणि पत्रद्वारा शिक्षण यांतून व्हावी असे सुचविले होते.

एक कबुली

अशाच एका सायंमहाविद्यालयात मी मराठी शिकवीत होतो. १९७९ सालची गोष्ट. माझे वय एकतीस. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या माझ्या वर्गात शहर बसचे एक वाहक होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. पाळी बदलली की त्यांचे तास बुडत. मात्र येत तेव्हा संतवाङ्मयाचा तास त्यांच्या प्रश्नांवर चाले, आणि मला आदल्या रात्री अधिक वाचून यावे लागे. परीक्षेचे अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा त्यांची हजेरी निघाली एकसष्ट टक्के. पंचाहत्तरची अट होती. कमतरता माफ करण्याची शिफारस विभागाकडून जाऊ शकत असे, पण तिला वैद्यकीय दाखला लागे. इतरांनी असले दाखले आणून दिले होते. कसे आणले ते मला ठाऊक होते. यांनी आणला नाही. “सर, मी आजारी नव्हतो, मी कामावर होतो,” असे ते म्हणाले. मी नियमाकडे बोट दाखविले. त्यावर ते एवढेच म्हणाले, “हजर नव्हतो हे खरे आहे. पण अभ्यास केला नाही असे नाही.” मी शिफारस केली नाही. ते पुढच्या वर्षी आले नाहीत.

त्या वेळी मला आपण तत्त्वाला धरून वागलो असे वाटले होते. खोटा दाखला आणणाऱ्यांचे अर्ज पुढे गेले आणि खरे बोलणाऱ्याचा राहिला, हे माझ्या ध्यानात यावयास काही वर्षे जावी लागली.

हैदराबादेतील मुक्त विद्यापीठ

या घटनेनंतर तीनच वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, आपल्याच शहरात आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. देशातील हे पहिले मुक्त विद्यापीठ. १९९१ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, आणि सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांची आठवण ठेवली तर हे नाव किती उचित आहे हे कळते. पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी हे राज्यशास्त्राचे अभ्यासक. १९८५ मध्ये दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच झाले. ब्रिटनमध्ये १९६९ साली सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाचा आदर्श समोर होता.

या विद्यापीठांनी नियम कोठे बदलले ते पाहण्यासारखे आहे. ज्याच्याजवळ शाळेचा कोणताही दाखला नाही, पण ज्याने अठरा वर्षे पूर्ण केली आहेत, त्यास हैदराबादेत पात्रता परीक्षा देऊन पदवीस प्रवेश मिळू लागला. इंदिरा गांधी विद्यापीठाने तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करण्याची मुभा दिली. रविवारचे समुपदेशन वर्ग ठेवले, पण पदवीच्या सर्वसाधारण विषयांत त्यांची सक्ती केली नाही. हजेरीच्या जागी स्वाध्याय आले. तीस टक्के भार स्वाध्यायांना आणि सत्तर टक्के अंतिम परीक्षेस, अशी ती विभागणी होती. माणूस किती तास बसला याऐवजी त्याने काय लिहिले, हे मोजले जाऊ लागले. माझ्या मते १८५७ नंतर प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत झालेला हा सर्वांत मोठा बदल होय.

मात्र आपल्या भाषकांपुरती एक उणीव राहिली. १९९० च्या गणेशोत्सवात ते वाहक मला भेटले. मुलगी पदवीधर झाल्याचे त्यांनी आनंदाने सांगितले, आणि मग विचारले, “सर, त्या नव्या विद्यापीठात मराठीतून पेपर लिहिता येतो का?” येथील माध्यमे तेलुगु, इंग्रजी आणि उर्दू. दिल्लीच्या विद्यापीठाची पुस्तके मुख्यत्वे इंग्रजी आणि हिंदीत. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले होते. तेथे मराठी होती, बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमही होता, पण त्याचे क्षेत्र महाराष्ट्र. म्हणजे १९७९ मध्ये त्यांची भाषा होती आणि वेळ नव्हता. १९९० मध्ये वेळेची सोय झाली आणि भाषा राहिली. मी त्यांना हिंदी माध्यमाची वाट सुचविली. “पाहू,” असे ते म्हणाले. त्यांनी नाव नोंदविले नाही. बावन्नाव्या वर्षी माणूस नव्याने परक्या भाषेत निबंध लिहावयास बसत नाही, हे कर्व्यांना १९१६ मध्ये कळले होते.

मोकळीक आणि जबाबदारी

मोकळीक दिली की सर्व साधले असे नाही. मी स्वतः पुढे एका अध्ययन केंद्रावर समुपदेशक म्हणून काम केले. सत्र निम्मे सरल्यावर टपालाने पोहोचणारी पुस्तके मी पाहिली, आणि दुसऱ्याच्या हातचे उतरवून काढलेले स्वाध्यायही पाहिले. काही ठिकाणी केवळ वयाच्या आधारावर, पहिली पदवी नसतानाही, थेट एम. ए. ला प्रवेश दिले गेले. अशी पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता त्यांनाही त्याची झळ बसली. दार रुंद करावयाचे ते आत आलेल्याने काही शिकावे म्हणून. आत काहीच न शिकविता पदवी देणे ही प्रौढांची फसवणूक आहे. शिवाय, त्या फसवणुकीची शिक्षा संस्थेऐवजी विद्यार्थी भोगतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची आणि मिळविलेली श्रेयांके साठवून ठेवण्याची सोय मान्य केली आहे. कागदावर ही मोठी मजल आहे. तिचे यश दोन गोष्टींवर अवलंबून राहील असे मला वाटते. प्रवेश, वेळ आणि भाषा यांबाबत विद्यापीठाने प्रौढ विद्यार्थ्याच्या गरजेस वाकावे. उत्तरपत्रिकेच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या कसोटीस उतरावे. पहिल्या बाबतीत कठोर आणि दुसऱ्या बाबतीत सैल, असे आपले धोरण फार काळ राहिले. ते नेमके उलटे हवे.

मित्रहो, या सभागृहात शिक्षक आहेत, आणि अनेक माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांत अधिकाराच्या जागी आहेत. आपल्या टेबलावर एखाद्या चाळिशीतल्या विद्यार्थ्याचा अर्ज येईल तेव्हा नियम अवश्य पाहा. मी पाहिला होता. पण सही करण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी त्यास समोर बसवून विषयातले दोन प्रश्नही विचारा. १९७९ मध्ये मी ते विचारले नाहीत. उत्तरे मला आधीच ठाऊक होती, हीच त्यातली खंत आहे.