वीस मिनिटांची काचनळी

पेण-रोह्याच्या भातखाचरांत आवणीच्या दिवसांत पाय कधी घोणसावर पडतो, कधी बांधाच्या दगडाआड बसलेल्या फुरशावर. दोघांचंही विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. त्यावर प्रतिविष द्यायचं. पण ते लागू पडलं, हे ओळखायचं कशावरून?

उत्तर भलतंच स्वस्त निघालं. नव्या, कोरड्या काचनळीत शिरेतलं दोन मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करायची. ओघळलं, तर विष अजून काम करतंय. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असली की निकाल फसतो, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शानेच होते. प्रतिविषानंतर सहा तासांनी पुन्हा तपासतात. यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. १९९४ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी ही चाचणी फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या मोजमापाशी ताडून पाहिली.



नळीने रक्त कळतं, माणूस कितपत सावरला ते नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावरच्या प्रतिविषाची ७० रुग्णांवर चाचणी केली, तेव्हा कसोटी वेगळी धरली: १० तासांत लक्षणं किती जणांची गेली? नुसतं प्राझोसिन हे औषध मिळालेल्यांपेक्षा त्यासोबत प्रतिविष मिळालेले कितीतरी लवकर बरे झाले. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले.